माहेरच्या घरी पाहुणे

मिरजेहून सकाळची गाडी पकडली की तास-सव्वा तासात कोल्हापूर येतं. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी ही स्टेशनं मला पाढ्यांसारखी पाठ आहेत. रुकडी सुटली, पंचगंगेचा पूल आला की लग्नानंतरची कितीतरी वर्षं माझा हात आपोआप पिशवीकडे जायचा. जाताना पिशवी रिकामी असायची. परतताना तिच्यात गुळाची ढेप, कांदा-लसूण मसाला, मुलांसाठी काहीबाही आणि आईने न सांगता कोंबलेली एखादी साडी असायची.

आताही मी त्याच गाडीने जाते. फरक इतकाच, की आता पिशवी जाताना भरलेली असते. तिच्यात चार चादरी, सहा टॉवेल, साबणाच्या वड्या आणि फरशी पुसायचं औषध असतं. तुम्ही म्हणाल, माहेरी जाताना हे कसलं सामान? सांगते.

मंगळवार पेठेत आईचा दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट आहे. तिथून अंबाबाईचं देऊळ चालत दहा-बारा मिनिटांवर. बाबांच्या मागे आई तिथे एकटीच राहायची. २०२२ च्या थंडीत तीही गेली. दादा बंगळूरला, मी मिरजेत. घराला कुलूप लागलं. दोन-तीन महिन्यांनी एकदा मी जायची, खिडक्या उघडायची, जळमटं काढायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायची. बंद घराला एक वास येतो. तो वास नाकात घेऊन परत येताना फार वाईट वाटायचं.

दादाचं म्हणणं सरळ होतं, विकून टाकू. त्याचंही चूक नव्हतं. घरपट्टी, सोसायटीचं शुल्क, विजेचं किमान बिल हे सगळं चालूच होतं. आमच्या ह्यांनी सुचवलं, "कायमचा भाडेकरू ठेव, नऊ हजार सहज येतील." पण भाडेकरू ठेवला म्हणजे किल्ली त्याच्याकडे. मग कोल्हापूरला गेले तर मी उतरायचं कुठे? मैत्रिणींनो, आई गेली तरी भिंती असेपर्यंत माहेर थोडं शिल्लक असतं. हे बायकांना सांगावं लागत नाही. पुरुषांना सांगूनही कळेलच असं नाही.

शाळेतल्या एका मैत्रिणीच्या बहिणीने गणपतीपुळ्याजवळ दोन खोल्या प्रवाशांना दिवसाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. फोनवरच्या ॲपवर घराचे फोटो टाकायचे, तारखा मोकळ्या ठेवायच्या, लोक परस्पर नोंदणी करतात. मी दादाला फोन केला. जरा चाचरतच म्हटलं, "एक वर्ष मला दे. जमलं नाही तर विकू." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बघ करून. पण हिशेब वहीत लिही." तोंडी संमतीवर थांबू नका बरं का. घर आमच्या दोघांच्या नावावर झालेलं, म्हणून मी त्याच्याकडून सहीचं पत्रच घेतलं. सख्खा भाऊ असला तरी कागद असावा, म्हणजे नात्यात ताण येत नाही.

खरी परीक्षा होती सोसायटीच्या सभेची. समोरच्या काकू आईच्या वीस वर्षांच्या शेजारीण. त्याच उठून म्हणाल्या, "रोज नवी माणसं जिन्यात. कोण कुठला, कशाला आला, आम्ही काय ओळखायचं? तुझ्या आईला हे चाललं असतं का?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागही आला. पण रात्री गाडीत बसल्यावर वाटलं, त्या चुकीचं काय बोलल्या? मी तर मिरजेत असणार. जिन्यात भेटणार ती माणसं त्यांना.

पुढच्या खेपेला मी वही-पेन घेऊन त्यांच्याच घरी गेले. "काकू, तुम्हीच नियम सांगा, मी लिहून घेते." त्यांनी सांगितलेले नियम आजही दाराच्या आतल्या बाजूला लावलेले आहेत. रात्री दहानंतर जिन्यात मोठ्याने बोलायचं नाही. मद्यपान नाही. चपला दाराबाहेर पसरायच्या नाहीत. नोंदणीत नाव नसलेला माणूस मुक्कामाला थांबणार नाही. गाडी आधी विचारून, सांगितलेल्या जागीच लावायची. सोसायटीने मग लेखी परवानगी दिली आणि बिनभोगवटा शुल्क लावलं. हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. कुणी जास्त मागितलं तर नम्रपणे विचारा.

आता घराची तयारी. मी आधी पडदे-कुशनं घेण्याच्या नादाला लागले होते. आमचे हे म्हणाले, "आधी तू स्वतः पाहुणी होऊन एक रात्र राहा की." ती सूचना लाखमोलाची ठरली. आम्ही दोघं आणि मुलं फक्त अंगावरच्या कपड्यांची पिशवी घेऊन गेलो आणि ठरवलं, की घरातलं काही शोधायचं नाही, जे समोर असेल तेच वापरायचं. मग एकेक उणीव कळत गेली. न्हाणीघरात कपडे टांगायला एकच खुंटी. पलंगाजवळ फोन लावायला बटणाची जागा नाही. रात्री उठलं तर दिवा कुठे ते सापडत नाही. आईची गादी तिच्या अंगवळणी पडलेली. आम्हाला मात्र मधला खड्डा रात्रभर टोचला. आरशासमोर उजेड नाही. बायकांना कुंकू लावायला, भांग पाडायला आरशासमोर उजेड लागतो, ही गोष्ट घर सजवणाऱ्यांच्या हमखास ध्यानात येत नाही.

खर्च झाला तो असा: रंगकाम २८,००० रुपये, दोन गाद्या २२,०००, पाणी तापवायचा गीझर ८,५००, चादरी-टॉवेल-पांघरुणं ११,५०० आणि इंटरनेट, बॅटरी, दिवे, कुलपं वगैरे मिळून १६,०००. एकूण ८६,०००. यातले निम्मे माझ्या शिकवणीच्या साठवणीतले होते. दर पलंगामागे चादरींचे तीन जोड हवेतच: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पांघरायला मी सोलापुरी चादरी ठेवल्या. धुवायला सोप्या, आणि बाहेरच्या पाहुण्यांना त्यांचं कौतुकही वाटतं. स्वयंपाकघरात गॅस ठेवला नाही. घरगुती सिलिंडर अशा धंद्यासाठी वापरता येत नाही. चहा-दूध, मुलाचा मऊ भात एवढ्यापुरती विजेची शेगडी दिली आहे. ओट्याखाली बोरिक पावडर कणकेत मळून तिच्या गोळ्या ठेवल्या की झुरळं येत नाहीत. पण पाहुण्यांबरोबर लहान मूल येणार असेल तर त्या आधी उचलायच्या, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.

सगळ्यात अवघड होतं ते कपाट आणि देव्हारा. देव मी मिरजेला घेऊन आले. कपाटात आईच्या साड्या होत्या. चार मी ठेवल्या, दोन वहिनीला पाठवल्या. बाकीच्या तिच्याकडे एकोणीस वर्षं काम केलेल्या मावशींना दिल्या. त्या दिवशी मावशी म्हणाल्या, "ताई, घर उघडनार असाल तर झाडलोट मीच करनार. दुसरी बाई नको." आई गेल्यावर त्यांचंही एक घर कमी झालं होतं, हे माझ्या तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं. दर पाहुण्यामागे ४०० रुपये ठरले.

पहिले पाहुणे आले २०२४ च्या जानेवारीअखेर, किरणोत्सवासाठी. अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा, ९ नोव्हेंबरपासून आणि ३१ जानेवारीपासून तीन-तीन दिवस मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असं परंपरेने मानतात. कधी ढग आडवे येतात, कधी वाटेतली बांधकामं. नागपूरचे आजी-आजोबा आणि त्यांची लेक मुद्दाम त्यासाठी आले होते. मुंबईत मुक्काम करून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाले आणि सकाळी सातच्या सुमारास दारात हजर! मी घर द्यायची वेळ दुपारी बाराची लिहिली होती आणि निवांत मिरजेच्या स्टेशनवर उभी होते.

त्याहून मोठी चूक पुढेच होती. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, छत्तीस पायऱ्या; आणि मी हे कुठेच लिहिलं नव्हतं! आजींचे गुडघे दुखरे. त्या पहिल्या वळणावरच बसून राहिल्या. अशा वेळी दार उघडलं कुणी? समोरच्या काकूंनी. त्यांनी खुर्ची आणली, पाणी दिलं, मावशींना फोन करून किल्ली मागवली. मी पोचले तेव्हा आजी आणि काकू चहा पीत बसल्या होत्या. काकू मला एवढंच म्हणाल्या, "पायऱ्या किती ते लिही आधी." तेव्हापासून माझ्या जाहिरातीत फोटोंच्याही आधी पायऱ्यांचा आकडा असतो. त्यामुळे काही नोंदण्या जातात. जाऊ देत. दारात येऊन हिरमुसण्यापेक्षा ते बरं. आणि सकाळच्या गाडीने येणाऱ्यांना सामान ठेवायला, हात-पाय धुवायला खालच्या मजल्यावरची मोकळी खोली सोसायटीकडून थोड्या भाड्याने ठरवून घेतली.

पाहुण्यांमुळे मला माझंच गाव नव्याने कळू लागलं. आम्ही कोल्हापूरच्या पोरी, रंकाळ्यावर फिरायला जायचो ते भेळ खायला. लोक मात्र विचारतात, तळं कधीचं, पन्हाळ्यावर किती वाजता पोचावं, खरी कोल्हापुरी चप्पल ओळखायची कशी. मग मी शोधाशोध केली, विचारपूस केली आणि शाळेतल्या फळ्यासारखं सुवाच्य अक्षरात एक माहितीपत्रक लिहिलं. पन्हाळा आणि जोतिबा दोन्ही वीसेक किलोमीटरवर. एका दिवसात होतात, पण पन्हाळा सकाळी करावा. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ लांब आहे, त्याला नृसिंहवाडी जोडून घ्यावी. देवीच्या दर्शनाला शुक्रवार आणि मंगळवार टाळले तर रांग कमी. तांबडा-पांढरा रस्सा प्रथमच खाणाऱ्याने पांढऱ्यापासून सुरुवात करावी! या शेवटच्या ओळीवर पाहुण्यांचे हसऱ्या चेहऱ्याचे निरोप येतात.

चैत्रात मात्र मी चांगलीच फसले. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. लातूरकडचं एक कुटुंब उतरलं होतं. माणसं फार भली, पण डोंगरावरून आली ती गुलालात न्हाऊनच. माझ्या पांढऱ्याशुभ्र चादरी, उशा, टॉवेल, एवढंच काय, नवा रंग दिलेली भिंतसुद्धा गुलाबी झाली. मी कपाळावर हात मारला. मावशी हसून म्हणाल्या, "ताई, देवाचा गुलाल हाय, चिडू नका." तुमच्यावर असा प्रसंग आला तर कपडे आधी कोरडेच जोरात झटका. मग गार पाण्यात साबणाचा चुरा घालून भिजवा. गरम पाणी चुकूनही नको, त्याने रंग पक्का बसतो. आता यात्रेच्या आठवड्यात मी गडद रंगाच्या चादरी घालते, बाहेर एक बादली आणि जुनी पंचं ठेवते, आणि दारावर "चांगभलं! कृपया गुलाल इथे झटकावा" अशी पाटी लावते.

कागदपत्रांचंही सांगून टाकते, कारण तिथेच आपण बायका बिचकतो. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघायचं आणि नोंदवहीत नाव-गाव-फोन लिहायचा. आधारची प्रत घ्यायची तर शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेलीच घ्यावी, तेवढी पुरते. आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात एकदा स्वतः जाऊन काय नोंद हवी ते विचारून यावं. मी ह्यांना न नेता एकटीच गेले होते. परदेशी पाहुणा असेल तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत ठरलेला फॉर्म ऑनलाइन भरावाच लागतो. मिळालेले पैसे बँकेत आणि आयकराच्या विवरणात दाखवायचे. २०२३ साली राज्य शासनाने स्त्रियांसाठी एक पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाच्या व्यवसायासाठी स्त्रीने घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत शासन परत देतं, अशी त्यात तरतूद आहे. मला कर्ज लागलं नाही. पण त्या धोरणाचं नाव वाचलं आणि मी कागद हातात धरून बसूनच राहिले. नाव आहे 'आई'.

जुलै-ऑगस्ट हे महिने रिकामे जातात, हे आधीच धरून चाला. २०१९ आणि २०२१ चे पूर कोल्हापूर अजून विसरलेलं नाही. पावसाने जोर धरला की मीच लोकांना फोन करून सांगते, रस्त्याची चौकशी करूनच निघा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री एक नवविवाहित जोडपं घरात होतं. रात्री काकूंचा फोन आला. त्यांचा आवाज फुटत नव्हता. "अगं, आपलं केशवराव जळतंय." शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं ते नाट्यगृह. आई आणि काकूंनी तिथे किती नाटकं पाहिली असतील, गणती नाही. मी इकडे मिरजेत सुन्न. मग घाबरत विचारलं, "काकू, घरातले पाहुणे?" त्या म्हणाल्या, "बंबांच्या आवाजाने भेदरली होती पोरं. माझ्याकडेच बसवलंय. तू झोप." सभेत मला आडव्या गेल्या होत्या त्या ह्याच काकू.

आता हिशेब, कारण दादाला वही दाखवायची होती आणि तुम्हालाही उत्सुकता असेल. पहिल्या वर्षात ११२ रात्री घर लागलं. मिळाले २,१४,००० रुपये. मावशींना ६४ खेपांचे २५,६००, वीज १७,४००, सोसायटीचं शुल्क आणि खालची खोली मिळून १४,०००, धुणं, ॲपचा हिस्सा आणि माझं गाडीभाडं २१,०००. खर्च ७८,०००. उरले १,३६,०००. त्यातून सुरुवातीचे ८६,००० वजा केले की हातात ५०,०००. नऊ हजारांचा भाडेकरू ठेवला असता तर काही न करता १,०८,००० आले असते. म्हणजे पहिल्या वर्षी नुसत्या पैशांच्या दृष्टीने ह्यांचंच म्हणणं बरोबर ठरलं. ज्यांना लवकर पैसा हवा आहे, ज्यांना महिन्यातून पाच-सहा फेऱ्या जमणार नाहीत, त्यांनी या वाटेला जाऊ नये. मी हे कुणाला गोड करून सांगणार नाही.

नवरात्रात भाव दुप्पट मिळतो. तरी त्या वर्षी मी त्यातले चार दिवस कुणालाही दिले नाहीत. दादा-वहिनी बंगळूरहून आले, आम्ही मिरजेहून गेलो. आईच्या मागे पहिल्यांदाच आम्ही सगळे त्या घरात झोपलो. वहिनी आणि मी पहाटे उठून देवीची ओटी भरून आलो. परत आलो तर दादा वही उघडून बसला होता. त्याने विचारलं, "हे चार दिवस दिले असते तर किती आले असते?" मी खरं तेच सांगितलं, "चौदा हजार." तो काही बोलला नाही. निघताना मात्र त्याने आपली चादर नीट घडी करून पलंगावर ठेवली, दिवे-पंखे बंद केले, आणि माझ्या नियमांच्या कागदावर लिहिलंय तसं किल्ली खुंटीला अडकवली. जिना उतरताना म्हणाला, "विकायचं ते पुढच्या वर्षी बघू."

तर सध्या एवढंच ठरलं आहे. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. तुमच्याही माहेरचं एखादं घर असं कुलपात असेल, तर निदान एक रात्र तिथे पाहुणी म्हणून राहून या. पुढे काय करायचं ते मग ठरवा. जाताना चादर मात्र इथूनच न्या. बंद कपाटातल्या चादरींना वास येतो. मला आता उठायला हवं. उद्या पुण्याचे पाहुणे आहेत, बरोबर लहान बाळ आहे. बोरिकच्या गोळ्या उचलायला सांगण्यासाठी मावशींना फोन करायचा राहिलाय.